अर्धा सूत

शालिग्राम: तिसऱ्यांदा लावून पाहिली काका, नाही बसून राहिली. वरचा बोल्ट जातो, खालचा जातो, बाजूचे दोन्ही अडतात. आता काय हातोडीनं ठोकू?

भास्कर: ठोकू नकोस. ॲल्युमिनियमची प्लेट आहे, तडकेल.

शालिग्राम: मग सांगा ना, काय करू? इकडं ईको व्हॅनचं इंजिन साखळीला लटकून राहिलं, तिकडं तुमच्या जुन्या विलायती एमजीचा गिअरबॉक्स आ करून बसला. मधली ही प्लेट दोघांना जोडणार होती. मी पहिल्या दिवशीच म्हटलं होतं, ईकोचं इंजिन घेऊन राहिलो तर तिचाच गिअरबॉक्स घेऊ, प्लेटची भानगडच नको.

भास्कर: गिअरबॉक्स माझाच राहील ही अट होती. बोटभर दांडा आहे त्याचा. मनगट हललं की गिअर पडतो. व्हॅनचा तो काठीसारखा दांडा मी त्या गाडीत बघू शकत नाही.

शालिग्राम: बरं, मानलं. पण मग प्लेट बसायला पाहिजे.

भास्कर: प्रकाशनं चुकवली. लेथवाल्यांना घाई फार.

शालिग्राम: तेच तर मी काल त्याला बोललो. लई बोललो काका, सगळ्या गल्लीसमोर. म्हटलं, पॉवरलूमचे दाते कापता कापता डोळे गेले तुझे. त्यानं काय केलं, तुम्ही दिलेला मापाचा पुठ्ठा माझ्या अंगावर फेकला. म्हणे, हे घे, याच्यावर ठेवून पाहा प्लेट, अन् पुन्हा माझ्या दुकानाची पायरी चढू नको.

भास्कर: मग? ठेवून पाहिलीस?

शालिग्राम: पाहिली. पुठ्ठ्याशी बरोबर जुळते. केसाचा फरक नाही.

भास्कर: पुठ्ठ्याची भोकं त्यानं नंतर वाढवली असतील. अंगाशी आलं की माणूस काहीही करतो.

शालिग्राम: प्रकाश? नाही हो काका. माझ्या बापाच्या मयतीला पहिला खांदा त्यानं दिला. तो असा नाही.

सिंधू: कोण कसा नाही?

भास्कर: तू कशाला आलीस उन्हाची?

सिंधू: घरासमोरची गल्ली ओलांडायची, तिचं ऊन ते केवढं! चहा आणलाय. शालिग्राम, आधी हात पूस, मग कप धर. मागच्या वेळचा कप अजून ग्रीसचा वास मारतोय. बसली का प्लेट?

शालिग्राम: नाही काकू.

सिंधू: का?

शालिग्राम: माप चुकलं. काका म्हणतात, लेथवाला चुकला. मीही तेच म्हटलं अन् त्याच्याशी भांडून बसलो. रात्री जेवण नाही गेलं.

भास्कर: हे बघ शालिग्राम, झालं तेवढं पुष्कळ झालं. काही गोष्टी नशिबातच नसतात. ईकोचं इंजिन उतरव. जुनं परत बसव. त्याला प्लेट लागत नाही, पट्टी लागत नाही, आहे त्या जागी बसेल.

सिंधू: जुनं? हॉलमध्ये पाटावर मांडून ठेवलंय ते?

भास्कर: तेच.

सिंधू: बाई गं! शालिग्राम, ह्यांनी या वयात मला सवत आणली बघ. रोज सकाळी उठून तिला मऊ फडक्यानं पुसतात. परवा शेजारची सुलभा आली होती, म्हणाली, हे काय गं? मी सांगितलं, ह्यांचं पहिलं कुटुंब.

भास्कर: ते इंजिन चालतं अजून.

सिंधू: चालतं. पण चालवणार कोण? शालिग्राम, तू सांग, तुला लागलं होतं का ते?

शालिग्राम: मी हात जोडले काकू. दोन दिवस केले. एकदा फटकन आवाज आला अन् भुवई जळाली, ही पाहा. अजून नाही उगवली.

सिंधू: हे गाडी कशी चालू करायचे ठाऊक आहे? आधी चोक ओढायचा. मग तो अर्धा आत सोडायचा. मग बॉनेट उघडायचं, कानात रबरी नळी लावायची आणि दोन कार्बोरेटरांपैकी कोण जास्त श्वास घेतोय ते ऐकायचं. जास्त घेणाऱ्याला आवळायचं. मग थोडं थांबायचं, मनात शिव्या द्यायच्या.

भास्कर: शिव्या मी कधी दिल्या नाहीत.

सिंधू: म्हणून तर म्हटलं, मनात. आणि तरीही नाही लागली तर उतारावर न्यायची. मिलच्या कॉलनीत आमचं क्वार्टरच चढावर मागून घेतलं होतं ह्यांनी. लोक पाणी बघून घर घेतात, आम्ही उतार बघून घेतलं.

भास्कर: त्या गाडीला माणूस लागतो. समजून घेणारा.

सिंधू: तो माणूस आता डाव्या हातानं चमचा उचलू शकत नाही. डावा पाय क्लचवर ठेवला तर तिथंच राहतो. मी हे तुम्हाला टोचायला म्हणत नाही. पण झटका आल्यापासून गाडी ताडपत्रीखाली आहे आणि तुम्ही तिच्याकडे तोंड करून बसता. मलाच बघवेना, म्हणून मी हे इंजिन बदलायचं काढलं. आरटीओची मंजुरी आणायला शालिग्रामनं किती चपला झिजवल्या!

शालिग्राम: तिथला बाबू म्हणे, एमजी म्हणजे ती शोरूमवाली मोठी ना? मी म्हटलं, नाही साहेब, तिची आजी.

सिंधू: ऐकलंत? सगळं जमून आलंय. आंब्याखाली उभी होती म्हणून शालिग्रामच्या शाळेची पोरं नेणाऱ्या ईकोवर झाड पडलं, वरचा डबा चेपला, इंजिनला ओरखडा नाही. असा योग पुन्हा येतो का? आणि तुम्ही म्हणताय जुनं बसव.

भास्कर: ईकोचं बसवून चालवणार कोण? आपला नितीन दिवाळीत चार दिवस येणार, तो चालवील असं म्हणालीस. चार दिवसांसाठी एवढा खटाटोप?

सिंधू: नितीनचं नाव मी उगाच पुढं केलं होतं. चालवणार मी.

शालिग्राम: तुम्ही काकू?

सिंधू: का? तोंड का उघडं पडलं तुझं, माशी जाईल. लायसन्स आहे माझ्याकडे. ह्या पर्समध्ये आहे. फोटो वाईट आलाय, पण आहे.

शालिग्राम: कधी काढलं?

सिंधू: दर गुरुवारी भजनाला जात होते ना? भजन नव्हतं, ड्रायव्हिंगचा क्लास होता. शिकवणारा अक्षय म्हणून पोरगा. पहिल्या दिवशी म्हणाला, आजी, सीट पुढं घ्या. मी म्हटलं, आजी म्हटलास तर तुझ्याच पायावरून नेईन. दुसऱ्या दिवसापासून मॅडम म्हणायला लागला.

शालिग्राम: काका, तुम्हाला ठाऊक होतं का हे?

भास्कर: चहा थंड होतोय.

सिंधू: हे बरंय. बायकोनं चोरून लायसन्स काढलं, तर माणूस ओरडेल, नाहीतर हसेल. आमचे हे म्हणतात, चहा थंड होतोय. शालिग्राम, तो पुठ्ठा दे इकडं.

भास्कर: पुठ्ठ्यात काय बघणार तू?

सिंधू: कागदाच्या मिलच्या कॉलनीत आयुष्य गेलं माझं. पुस्तकांची कव्हरं, डब्यांखालचे कागद, पोरांचे पतंग, सगळं तुमच्या मिलचं. पुठ्ठा बघितला तर काही पाप नाही लागणार. दे रे.

शालिग्राम: हा घ्या.

सिंधू: यावर बाण नाही.

शालिग्राम: कसला बाण?

सिंधू: हे कागदाच्या प्रत्येक तुकड्यावर बाण काढतात. सवयच आहे. नितीनच्या शाळेच्या तक्त्यावर काढायचे, गॅसकेट कापायचं तर त्यावर काढायचे. आमच्या सोनालीच्या साखरपुड्याची यादी लिहायला कागद घेतला, तर आधी कोपऱ्यात बाण. मशीनवरून कागद ज्या दिशेनं पळत आला, ती दिशा. हो की नाही हो?

भास्कर: हो.

सिंधू: त्या दिशेनं कागद शहाण्यासारखा राहतो. त्याच्या आडव्या दिशेला मात्र ओल लागली की फुगतो, वाळला की आकसतो. बरोबर सांगतेय ना?

भास्कर: बरोबर.

सिंधू: शालिग्राम, प्लेट वरखाली बसते म्हणालास?

शालिग्राम: हो, वरचा अन् खालचा बोल्ट आरामात.

सिंधू: आणि आडवी?

शालिग्राम: आडवी अर्धा सूत कमी.

सिंधू: म्हणजे किती?

शालिग्राम: एक तांदळाचा दाणा आडवा फसेल, एवढं. जास्त नाही, पण बोल्टला तेवढं बस होतं.

सिंधू: लेथवाला चुकला असता तर एकाच दिशेनं चुकला असता का? वरखाली देव आणि आडवा राक्षस?

शालिग्राम: नाही. तो चुकला तर कसाही चुकेल. एक भोक इकडं जाईल, एक तिकडं. तुमची गोष्ट बरोबर आहे काकू. मतलब पुठ्ठाच आकसला?

सिंधू: पुठ्ठाच आकसला. छाप घेताना ओला होता. नंतर वाळला.

शालिग्राम: मग सोपं आहे! काका चुकून ओला पुठ्ठा घेतला असेल. होतं असं कधी कधी. मी प्रकाशला सांगेल...

सिंधू: थांब. मागच्या आठवड्यात मी खाटेखाली झाडू घालत होते. ओल्या गोणपाटात काहीतरी गुंडाळलेलं लागलं. मी विचारलं, हे काय? हे म्हणाले, पुठ्ठा आहे, वाकू नये म्हणून ठेवलाय. मला खरं वाटलं. रात्रभर तो त्या ओल्या गोणपाटात होता. सकाळी तसाच इकडं आणला. गिअरबॉक्सच्या तोंडावर धरून हातोडीनं टकटक करून छाप घेतला, आणि तुझ्या हातात दिला. प्रकाशच्या दुकानाचा पत्रा दसऱ्यानंतरही कसा तापतो ते तुला माहीत आहे. तिथं तो वाळला.

शालिग्राम: पण काका कसे विसरले हे?

सिंधू: हे? हे विसरतील? कागदातली ओल मोजायची नोकरी केली ह्यांनी निवृत्तीपर्यंत. उडदाचे पापड गच्चीवर घातले तर बोट लावून सांगायचे, अजून एवढे टक्के बाकी आहे. शेजारच्या बायका हसायच्या मला. हे विसरत नाहीत रे. बाणसुद्धा मुद्दामच काढला नाही.

शालिग्राम: काका, खरं आहे का हे? मी काल त्या माणसाला चारचौघांत आंधळा म्हटलं.

सिंधू: खाई त्याला खवखवे. बोलतील. घाई करू नकोस.

भास्कर: तुला हे आडव्या दिशेचं कोणी सांगितलं?

सिंधू: म्हणजे काय? तुम्हीच.

भास्कर: मी कधी?

सिंधू: रोज. ड्यूटीवरून आल्यावर जेवताना. आज तिसऱ्या मशीनवर असं झालं, आज रीळ असं फुगलं, आज साहेबाला कळेना, मी आडवं माप घ्यायला लावलं. मी भाकरी थापत असायचे, तुम्ही बोलत असायचा.

भास्कर: मला वाटायचं, तू ऐकत नाहीस.

सिंधू: भाकरी हातानं थापतात, कानानं नाही.

भास्कर: ...मी तुला पाहिलं होतं.

सिंधू: कुठं?

भास्कर: शनवारा गेटाशी. व्यायामाला नेणाऱ्या ऑटोत होतो मी. गेटातून बाहेर पडताना समोर ती क्लासची गाडी, वर लाल पाटी. आत तू. इंडिकेटर न देता वळलीस.

सिंधू: दिला होता!

भास्कर: उजवा दिलास आणि डावीकडे वळलीस. ऑटोवाला म्हणाला, काका, पुढं लेडीज आहे, जपूनच घ्यावं लागतं. मी हसलो. त्याच्याबरोबर हसलो मी. ही माझी बायको आहे असं नाही म्हणालो. घरी आलो आणि पुठ्ठा भिजवला.

शालिग्राम: मी बाहेर जाऊन बसू का?

भास्कर: बस. तुझंही नुकसान केलंय मी, तू ऐक. मी निवृत्त झालो त्याच्या दुसऱ्या दिवशी मिलचा भोंगा बरोबर वेळेवर वाजला. मी अंथरुणात ऐकला. एक मिनिटसुद्धा इकडचं तिकडं झालं नाही. पोरं आपापल्या वाटेनं गेली, चांगली चालली. घर तू आधीपासूनच चालवत होतीस. ही एक गाडी होती, जी मी नसलो तर चालायची नाही. साहेब लोक यायचे, नवे इंजिनीअर यायचे, कोणालाच लागायची नाही. मग कॉलनीतून पोरगा पळत यायचा, भास्करकाकांना बोलवा. आता चावी फिरवली की लागणार. कोणाच्याही हातानं. मग माझं काय काम तिथं? मला सहन होईना, सिंधू. दुसरं काही नाही.

सिंधू: कोणाच्याही हातानं नाही. माझ्या.

भास्कर: तेच.

सिंधू: तेच ना? नितीननं चालवली असती तर चाललं असतं. शालिग्रामनं चालवली असती तरी चाललं असतं. खरं सांगा.

भास्कर: चाललं असतं. थोडं दुखलं असतं, पण चाललं असतं.

सिंधू: मला इतका राग आलाय, की ही प्लेट उचलून तुमच्या डोक्यात घालावी. निदान ती एकदा तरी कुठं बरोबर बसेल.

शालिग्राम: काकू, राहू द्या ना...

सिंधू: नाही रे, बोलू दे. मी तुम्हाला न सांगता शिकले, ती माझी चूक. भजनाचं खोटं बोलले, तेही चूक. पण का नाही सांगितलं? कारण तुम्ही म्हणाला असता, तुला जमायचं नाही. मायेनंच म्हणाला असता. आणि मी ऐकलं असतं. मला ऐकायचं नव्हतं. तुम्हाला दवाखान्यात न्यायला मला गाडी नकोय, त्याला ऑटो आहे. भाजी आणायला नकोय. मला चालवायचीय म्हणून चालवायचीय. लग्न होऊन आले तेव्हापासून ती दारात उभी होती. तुम्ही तिला मिलच्या स्टोअरमागच्या गवतातून काढलीत, तिथल्या विलायती इंजिनीअरनं टाकून दिलेली. तुम्ही तिच्यात जीव घातलात. मी बघत होते. मला तेव्हापासून चालवायची होती हो.

भास्कर: कधी बोलली नाहीस.

सिंधू: तुम्ही कधी विचारलं नाहीत. आता फोन लावा.

भास्कर: कोणाला?

सिंधू: प्रकाशला.

शालिग्राम: मी जाऊन येईल काकू. मीच भांडलो, मीच पाय धरेल.

सिंधू: तू तुझ्यापुरते धर. पुठ्ठा तू भिजवला नव्हतास. अहो, मोबाइल उजव्या खिशात आहे. लावा.

भास्कर: नंबर?

शालिग्राम: मी लावून देतो. हा घ्या. वाजून राहिला.

भास्कर: हां, प्रकाश? मी भास्कर बोलतोय, लोधीपुऱ्यातून. एमजीवाले काका... हो, प्लेटबद्दलच... अरे, ऐक तर... नाही, नाही, तुझी प्लेट बरोबर आहे. पुठ्ठा खोटा होता... खोटा म्हणजे मी केला. भिजवून छाप घेतला... हो, मुद्दाम... मुद्दामच म्हणालो मी, बरोबर ऐकलंस... कशासाठी ते आता कसं सांगू? वय झालं म्हण... नाही, शालिग्रामला काही माहीत नव्हतं. त्याचा राग धरू नकोस. मी तुझी माफी मागतो... नाही, मागू दे. मागितली... बरं. सांगतो त्याला. ठेवू?

शालिग्राम: काय म्हणे?

भास्कर: मागं मशीन चालू होतं, ते त्यानं बंद केलं. मग म्हणाला, काका, पुढच्या वेळी पत्र्यावर काढा, पत्रा खोटं बोलत नाही. आणि तुला म्हणाला, ये, पण जिलेबी घेऊन ये, माव्याची.

शालिग्राम: जिलेबीवर सुटलो? आत्ताच जातो. मग नवीन माप कधी घ्यायचं?

सिंधू: आत्ता. तुझ्याकडे तेलाच्या डब्याचा पत्रा आहे ना? आण इकडं.

भास्कर: सिंधू, मला जमणार नाही. पुठ्ठा हलका होता, छातीनं दाबून धरला. पत्रा एका हातानं धरून त्याच हातानं ठोकता येत नाही.

सिंधू: मी धरते.

भास्कर: बोट ठेचेल.

सिंधू: माझं बोट आहे, मी बघीन. तुम्ही ठोका.

(दिवाळीनंतरची एक सकाळ. तापीचा पूल, गाडी जैनाबादच्या दिशेनं.)

भास्कर: तिसरा टाक.

सिंधू: टाकलाय.

भास्कर: कळतच नाही. आवाजच नाही याला. बंद आहे की चालू?

सिंधू: पुढं जातोय ना आपण? मग चालू असेल.

भास्कर: जुनं इंजिन असतं तर आत्तापर्यंत अर्धं बुऱ्हाणपूर रस्त्यावर आलं असतं बघायला.

सिंधू: आलंच होतं की. शनवाऱ्याला तो मोटरसायकलवाला पोरगा किती वेळ बाजूनं चालत होता. तुम्ही मान वळवून बसलात.

भास्कर: तू त्याला काय सांगितलंस? त्यानं विचारलं, आंटी, इंजन कौन सा है इसमें?

सिंधू: खरं तेच सांगितलं. स्कूल व्हॅन का.

भास्कर: विलायती गाडीची अब्रू ठेवली नाहीस.

सिंधू: तो तर खूश झाला. म्हणाला, मैं भी ईको में ही स्कूल जाता था.

भास्कर: ऑटो. हॉर्न दे.

सिंधू: दिसतोय मला ऑटो.

भास्कर: ब्रेक. ब्रेक!... हे काय झालं?

सिंधू: बंद पडली. क्लच सोडला गेला.

भास्कर: मागं ट्रॅक्टर आहे. थांब, घाबरू नकोस. चोक ओढ आधी.

सिंधू: चोक नाही याला.

भास्कर: मग काय करायचं?

सिंधू: तुम्ही काहीच करायचं नाही. लागली बघा.

भास्कर: लागली?

सिंधू: चाललो की. तो ट्रॅक्टरवाला हात जोडतोय आरशात. जोड बाबा, जोड.

भास्कर: गिअर छान पडतोय पण.

सिंधू: पडतोय. तेवढं तुमचं बरोबर होतं. व्हॅनचा दांडा असता तर मजा नव्हती.

भास्कर: मनगटच हलतंय नुसतं तुझं.

सिंधू: तुमचंच बघून शिकले. अक्षय म्हणायचा, कोपरातून हात हलवा मॅडम. मी म्हटलं, आमच्यात असं नाही टाकत.

भास्कर: सिंधू.

सिंधू: आता काय चुकलं?

भास्कर: काही नाही. या बाजूच्या सीटवरून पाणी पार खालपर्यंत दिसतं.

सिंधू: दिसतं ना.

भास्कर: राजघाट दिसतो. म्हशी उतरल्यात पाण्यात. एक माणूस तर उभा राहून दात घासतोय मधोमध. मला वाटायचं, पुलावरून नुसता कठडाच दिसतो.

सिंधू: मी म्हणायचे, अहो, बघा बघा. तुम्ही म्हणायचा, माझं लक्ष रस्त्यावर आहे.

भास्कर: तू हेच दाखवत होतीस?

सिंधू: हेच. दर वेळी.

भास्कर: अगं, तो बघ, त्या खडकावर... तीन बगळे, एका रांगेत...

सिंधू: तुम्ही बघा. पुढं केळीचा ट्रक आहे.